भिंत, पैसा, चार

मुंगी डॉक्टरांनी तीन शब्द दिले
पाच मिनिटं सांभाळायला.
चिंच. पैसा. दार.
मग भलतंच काही विचारत राहिले:
आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती,
हे गाव कुठलं.
"इंदूर," हे म्हणाले, जरा रागावूनच,
"पाटणीपुऱ्यात राहतो आम्ही. जन्म गेला."

पाच मिनिटांनी शब्द परत मागितले.
ह्यांनी दिले, कुठेही न अडखळता:
भिंत. पैसा. चार.

कागदावर एक बरोबर, दोन फुल्या.

मी शेजारच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी.
पिशवीत बिस्किटांचा पुडा, जुने रिपोर्ट,
आणि माझ्या अक्षरातली दोन वर्षांची वही.
दूधवाल्याला दोनदा पैसे दिले.
पीठ सांगितलं, मीठ आणलं.
मंजिरीच्या लग्नाची तारीख तीनदा विचारली.
नातवाच्या बारशात कोपऱ्यात बसून राहिले.
हाक मारली, ओ नाही.
हाक मारली, ओ नाही.
हाक मारली.

डॉक्टरांचं पेन दुसऱ्या फुलीवर थांबलं.
स्वतःशीच पुटपुटले, चिंच... भिंत...
मग फाईल तोंडासमोर धरून
ह्यांना काहीतरी विचारलं.
मला ऐकू आलं. जेवलात का, इतकंच होतं.
हे फाईलच्या पुठ्ठ्याकडे बघत
समजल्यासारखे हसले.
ते हसणं मी दोन वर्षं बघत होते.
वहीत नव्हतं.

तळमजल्यावर काचेची खोली.
पाटीदारांची एक पोरगी, कोवळी, जेमतेम पंचविशीची,
हेडफोन चढवून म्हणाली, दादाजी, आवाज आला की बटन दबाना.
आत हे बटण धरून बसलेले, परीक्षेला बसावं तसे.
बाहेर तिच्या पडद्यावर एक रेघ
थोडा वेळ नीट चालली
आणि मग जिना चुकल्यासारखी खाली गेली.
"काम काय करायचे?"
मिलमध्ये. साळखात्यात. एकतीस वर्षं.
ती काही बोलली नाही. मान हलवली फक्त.

साळखात्यात कुणी कानांनी बोलत नसे.
ओठ बघायचे, बोटं बघायची.
लग्नानंतर हे माझ्या तोंडाकडे असे टक लावून बघत
की मी पदर सारखा करायचे.
चाळीस वर्षं मी त्याला प्रेम समजत आले.
असेलही. पण ते वाचत होते मला.
मग मोतीबिंदू आला,
आणि माझी अक्षरं पुसट झाली.

म्हणजे शब्द हरवले नव्हतेच, डॉक्टर.
दारातच बदलून आत गेले.
आत गेलेले तिन्ही ह्यांनी
पाच मिनिटं इमानानं राखले,
परक्याचा माल राखावा तसे.

तरी डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही.
म्हणाले, कान एक आहे, विसरणं दुसरं.
दोन्ही आहेत. मिसळून गेलं होतं.
आधी कान बघितले ते बरं झालं,
आणखी दोन वर्षांनी वेगळं करणं अवघड गेलं असतं.

यंत्र बसून आज तीन आठवडे झाले.
शिट्टी वाजते, हे वैतागून काढतात,
मी परत घालते. भांडतो.
मंजिरीच्या लग्नाची तारीख काल पुन्हा विचारली, तीनदा.
तिन्ही वेळा उत्तर पहिल्या बोलण्यात पोचलं.
ते विसरणं. ते राहणार.
वहीतल्या "ओ नाही"वर मात्र
मी रेघ मारत सुटले. पानंच्या पानं मोकळी झाली.

एक मोडतोड माझीही आहे.
दोन वर्षांत मी एका शब्दाची झाले होते.
जेवा. गोळी. चला. उठा.
काल दुपारी शेंगा सोलता सोलता
हे म्हणाले, तू हल्ली बोलत का नाहीस?

मी सुरू केलं. कुठून तरी.
शेजारच्या चौहानांच्या सुनेनं
गच्चीत मेथी लावली, ती माकडांनी उपटली,
म्हणून तिनं आता मिरची लावली,
आणि माकडं कशी बसून राहिली, विचार करत...
उगीचच. लांबलचक. कामाचं काही नाही.

उद्या विसरतील.
पण आज मेथी मेथी म्हणूनच आत गेली.